भूकंपानंतरची घरबांधणी आणि मंडळाचा निधी : पैसे मागण्याआधीपासून खातं बंद करेपर्यंत

भूकंपाची बातमी आली की दांडियाबाजार, रावपुरा, वाडी, मांजलपूर, गोत्री इथल्या मराठी मंडळांत त्याच संध्याकाळी पैसे जमायला लागतात. वडोदऱ्यात देणारे हात भरपूर आहेत. घोळ होतो तो पुढे. कुणाच्या तरी खासगी खात्यात रक्कम साठते, घाईत एक गाव ठरतं, ठेकेदाराला उचल दिली जाते, आणि वर्षभराने कुणी विचारलं की कार्यकर्ते कागद शोधायला लागतात. हिशेब मागून जुळवायचा म्हणजे वरातीमागून घोडं.

हा लेख घरं बांधायला किंवा दुरुस्त करायला मदत करणाऱ्या मंडळांसाठी आहे. अन्नाची पाकिटं, ताडपत्र्या, औषधं यांचा विचार इथे नाही. ते काम वेगळं आणि त्याचा निधीही वेगळाच ठेवावा. संपूर्ण लेखामागे एक आग्रह आहे. वर्गणी देणाऱ्याला पावती मिळते, पण ज्याच्या नावाने वर्गणी गोळा झाली त्या घरमालकाच्या हातात एकही कागद नसतो. आपल्या घरासाठी किती रक्कम मंजूर झाली, किती आली, कशावर गेली, हे त्याला माहीत नसेल तर पैसा कुठे गळतो हे वडोदऱ्यात बसून तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून पहिला हिशेब घरमालकाला द्यायचा आणि दुसरा वर्गणीदाराला.

टप्पा १ : एक रुपयाही मागण्याआधी

गणपतीच्या वर्गणीची आपली पद्धत ठरलेली असते. पावतीपुस्तकं वाटायची, खजिनदाराने वही ठेवायची, विसर्जनानंतर हिशेब वाचून दाखवायचा. ती पद्धत चालते, कारण मांडव सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा असतो. घरबांधणीचा खर्च मात्र दूर कुठेतरी होतो. इथून कच्छमधलं भचाऊच साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथलं घर बहुतेक वर्गणीदारांनी पाहिलेलं नसतं आणि पुढेही ते पाहणार नसतात.

म्हणून आधी कार्यकारिणीची बैठक आणि लेखी ठराव. ठरावात या गोष्टी स्पष्ट हव्यात :

- निधी नवीन घरांसाठी, दुरुस्तीसाठी, की दोन्हींसाठी.
- प्रवास, जेवण, छपाई हा खर्च कशातून होणार. माझं ठाम मत असं की यातला एकही रुपया निधीतून घेऊ नये. कार्यकर्त्यांनी तो वेगळा उभा करावा. ते जमत नसेल तर कमाल मर्यादा आधी ठरवून वर्गणीच्या आवाहनातच छापावी.
- पैसे उरले तर त्यांचं काय होणार.
- धनादेशावर सह्या कुणाच्या, आणि जागेवर जाऊन काम कोण तपासणार.

पैसे स्वीकारणारा, खर्च मंजूर करणारा आणि काम पाहणारा ही तीन वेगळी माणसं असावीत. एकच उत्साही कार्यकर्ता तिन्ही कामं करतो तेव्हा तो कितीही सचोटीचा असला तरी त्याचा हिशेब तपासणारं कुणी उरत नाही. शंका आली तर त्याच्याजवळही पुरावा नसतो. प्रामाणिक माणसाच्या संरक्षणासाठीसुद्धा ही वाटणी हवी.

यानंतर ट्रस्टचं घटनापत्र काढून वाचा. अनेक जुन्या मंडळांच्या घटनेत कार्यक्षेत्र 'वडोदरा शहर आणि परिसर' एवढंच असतं. तसं असेल तर कच्छमधल्या किंवा आणखी लांबच्या कामावर खर्च करताना धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून आणि आयकराकडूनही हरकत येऊ शकते. सीएंना आधी विचारा. उद्देश बसत नसेल तर स्वतः निधी गोळा करू नका. ज्यांच्या घटनेत हे काम बसतं अशा नोंदणीकृत ट्रस्टच्या वेगळ्या खात्यात तो जमा करवून घ्या आणि तपासणीचं काम आपल्याकडे ठेवा.

आर्थिक वर्षाचाही विचार आत्ताच करा. २००१ चा कच्छचा भूकंप २६ जानेवारीला झाला. अशा वेळी वर्गणी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि ३१ मार्चला वर्ष संपतं. नोंदणीकृत ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नातली ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी वापरणं अपेक्षित असतं. ती पुढे न्यायची तर कारण देऊन ठरलेला फॉर्म मुदतीत भरावा लागतो. हे माहीत नसल्याने काही मंडळं मार्चअखेर घाबरून ठेकेदाराला सगळी रक्कम आगाऊ देऊन टाकतात. इतकं मोठं नुकसान दुसऱ्या कशानेच होत नाही.

थांबा : वेगळं बँक खातं उघडलेलं नसेल, तर मंडळाच्या ग्रुपवर आवाहन टाकू नका. खजिनदाराच्या मोबाईल नंबरचा क्यूआर कोड 'तात्पुरता' म्हणूनही नको. एकदा फिरलेला कोड परत घेता येत नाही.

टप्पा २ : पैसे घेताना

पावतीपुस्तकांना अनुक्रमांक हवेत आणि कुठलं पुस्तक कुणाकडे आहे त्याची नोंद सही घेऊन ठेवावी. न वापरलेली पुस्तकंसुद्धा परत घ्या. दात्याचं नाव, पत्ता आणि पॅन घेतलं नाही तर नंतर कर सवलतीचं प्रमाणपत्र देता येत नाही. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, वस्तुरूपाने दिलेल्या मदतीला तर मुळीच नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या दात्यालाही तिचा उपयोग नाही. हे आधीच सांगितलं तर वर्षाअखेरचे वाद टळतात.

आता परदेशातल्या नातेवाइकांचं. वडोदऱ्यात घरटी कुणीतरी अमेरिकेत किंवा कॅनडात आहे, त्यामुळे ही चूक इथे फार होते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या बचतीतून दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. त्याच माणसाने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते, मग तो तुमचा सख्खा भाऊ का असेना. अशी देणगी एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि तीही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशा संस्थेला ती रक्कम पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. म्हणजे 'त्यांच्याकडून घेऊन आम्हाला द्या' हा रस्ता बंद आहे. पासपोर्टची प्रत मागायला संकोच करू नका.

टप्पा ३ : गाव आणि यादी

इथे वेळ द्या. महिना गेला तरी चालेल. सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात आणि नंतर त्या सुधारता येत नाहीत.

पहिली गोष्ट, सरकारी पाहणी पूर्ण होण्याआधी कुणालाही घराचं वचन देऊ नका. मंडळाने 'आम्ही बांधून देतो' म्हटलं की कधीकधी त्या कुटुंबाचं नाव सरकारी यादीतून निसटतं, आणि पुढे मंडळाचे पैसे कमी पडले की ते कुटुंब दोन्हीकडून जातं. मंडळाचा पैसा सरकारी मदतीला जोड म्हणून द्यायचा असतो.

दुसरी गोष्ट पंचनाम्याची. ढिगारा उपसण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्यायला लावा, आणि एका फोटोत शेजारचं ओळखू येईल असं घर, झाड किंवा देऊळ असू द्या. साफ केलेल्या जागेवर पंचनामा करताना किती खोल्या होत्या, भिंत विटांची होती की मातीची, हे सिद्ध करायला काही उरत नाही. उपसताना निघालेली लाकडं, कौलं, दारं, दगड त्या कुटुंबाची मालमत्ता आहे. मोजून, लिहून ठेवा. जेसीबीवाल्याच्या ट्रॉलीतून ती परस्पर जातात.

तिसरी गोष्ट नुकसानीच्या वर्गाची. २००१ नंतर गुजरातमध्ये घरांची जी१ ते जी५ अशी वर्गवारी झाली होती. जी५ म्हणजे पूर्ण कोसळलेलं. वर्गावरच रक्कम ठरत असल्यामुळे तो काय लावला हे घरमालकाने लगेच विचारून लिहून घेतलं पाहिजे आणि चुकीचा वाटला तर मुदतीत मामलतदार किंवा तालुका विकास अधिकाऱ्यांकडे फोटोसह लेखी हरकत घेतली पाहिजे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का हवाच.

वर्गाने किती फरक पडतो ते पाहा. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या आपत्ती निधीच्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या घराला सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये आहेत, तर किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. मोठ्या आपत्तीत राज्य सरकार वेगळं पॅकेज जाहीर करतं, म्हणून त्या वेळचा शासन ठराव मिळवून वाचावाच लागतो. पण या दोन आकड्यांमधली दरी लक्षात ठेवा. तडे गेलेल्या घरात राहणारं कुटुंब ६,५०० रुपयांत काय करणार? वरून गिलावा मारतं आणि पुढच्या धक्क्याची वाट बघतं.

आणि अशी घरंच जास्त असतात. २००१ मध्ये दोन लाखांहून अधिक घरं नव्याने बांधायची होती, पण दुरुस्तीची नऊ लाखांहून अधिक होती. वर्गणीदाराला नव्या घराचा फोटो आवडतो, पाटी लावायला तेच सोयीचं पडतं. तरीही मंडळाचा निधी मर्यादित असेल तर तो दुरुस्ती आणि मजबुतीकरणाला द्यावा असं मला मनापासून वाटतं. एका नव्या घराच्या पैशात अनेक कुटुंबांची छतं सुरक्षित होतात.

चौथी गोष्ट, यादीत नसलेली माणसं. सरपंचांनी दिलेली यादी घेऊन परत येऊ नका. गावाच्या कडेला असलेल्या वस्तीत, वाडीत स्वतः चालत जा. या माणसांची नावं मुद्दाम विचारा : भाडेकरू, सासऱ्याच्या नावावरच्या घरात राहणारी विधवा, एकाच छताखाली वेगळ्या चुली असलेले भाऊ, मजुरीसाठी बाहेरगावी गेल्यामुळे पाहणीच्या दिवशी नसलेले, गामतळाबाहेर (गावठाणाबाहेर) घर असल्यामुळे ज्यांच्याकडे सनद, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, नाही ते. मालकीचा कागद नसेल तर ग्रामपंचायतीची आकारणी, वेरा (कर) पावती, लाइट बिल, रेशनकार्ड यांपैकी जे आहे ते गोळा करून द्यायला मदत करा. या कुटुंबांसाठी मंडळाचा एक शिकलेला माणूस चार दिवस तालुक्याला फिरला तर ती मदत वर्गणीपेक्षा मोठी ठरते.

तपासा : तयार झालेली यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली का? पंचायतीच्या भिंतीवर लावली का? हरकतींना किमान १५ दिवस दिले का? ग्रामसभेतल्या उपस्थितीच्या सह्यांमध्ये बायकांच्या आणि वस्तीवरच्या माणसांच्या सह्या आहेत का?

टप्पा ४ : घरखातं

प्रत्येक घराला एक क्रमांक आणि एक पातळ वही. एक प्रत घरात, दुसरी मंडळाकडे. कच्छमध्ये काम असेल तर वही गुजरातीत लिहा. मराठी वही वडोदऱ्यातल्या दप्तरासाठी ठीक आहे, घरच्यांना तिचा उपयोग नाही. पहिल्या पानावर अंदाजपत्रक एका नजरेत दिसलं पाहिजे. उदाहरणादाखल :

घर क्र. १७. एकूण अंदाज ३,६०,०००. सरकारी मदत १,२०,०००. मंडळ १,५०,०००. कुटुंबाचा वाटा ९०,००० (जुनी लाकडं आणि दगड ३५,०००, घरची मजुरी ३०,०००, रोख २५,०००). मंजुरीची तारीख. घरातल्या नवरा-बायको दोघांच्या सह्या किंवा अंगठे. मंडळाच्या दोघांच्या सह्या.

पुढच्या पानांवर तारीख, काय आलं, किती, कुणाकडून, बिल क्रमांक, जागेवर कुणी मोजून घेतलं. वही कुटुंबातल्या लिहितावाचता येणाऱ्या मुलीकडे किंवा सुनेकडे द्या. सिमेंट उतरवताना ती तिथेच असते आणि पोती ती मोजते. मंडळाचे कार्यकर्ते तेव्हा वडोदऱ्यात असतात.

रक्कम शक्यतो नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात जावी. रोख देऊच नये. एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च ट्रस्टच्या आयकर हिशेबात मान्य होत नाही, हा नियम कार्यकर्त्यांना माहीत नसतो आणि लेखापरीक्षणाच्या वेळी डोक्याला हात लावायची वेळ येते.

टप्पा ५ : कोण बांधणार आणि काय बांधणार

दोन मार्ग आहेत. घरमालक स्वतः कडिया (गवंडी) लावून बांधतो आणि मंडळ पैसे व तांत्रिक मदत देतं; किंवा मंडळ ठेकेदाराकडून सगळी घरं बांधून घेतं. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावं नव्या जागी ठेकेदारांकडून वसवली गेली. गुजरातमध्ये २००१ नंतर बहुतेक घरं मालकांनी स्वतः बांधली, पैसे हप्त्याहप्त्याने बँक खात्यात आले आणि प्रत्येक हप्त्याआधी अभियंत्याची पाहणी झाली. मी घरमालकाने स्वतः बांधण्याच्या बाजूचा आहे. स्वतःचं घर बांधणारा माणूस रेती चाळलेली आहे की नाही हे रोज बघतो. ठेकेदाराच्या कामावर तसं रोज लक्ष ठेवणारं कुणी नसतं. निराधार म्हातारी, अपंग, एकट्या बायका यांच्यासाठी मात्र बांधून देणं भाग असतं. अशा घरांचा वेगळा गट करा. ठेकेदार कार्यकारिणीतल्या कुणाचा नातेवाईक नसावा, तीन लेखी दरपत्रकं असावीत, आणि त्याच्या बिलातून टीडीएस कापायचा की नाही हे सीएंना आधी विचारा.

आराखडा अभियंत्याकडूनच घ्या. कलाभवनच्या अभियांत्रिकी विद्याशाखेमुळे आपल्या शहरात जाणकारांची वाण नाही. त्यांना विचारताना वडोदऱ्याचे ठोकताळे लावू नका, असं आवर्जून सांगा. भूकंप मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत वडोदरा झोन ३ मध्ये आहे आणि कच्छ त्याहून जास्त धोक्याच्या झोन ५ मध्ये. मागायचं ते हे : आयएस (भारतीय मानक) ४३२६ प्रमाणे जोत्याच्या आणि लिंटेलच्या (दारं-खिडक्यांच्या लगेच वरच्या) पातळीवर सलग काँक्रीट पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळ्या, दारं-खिडक्या कोपऱ्यापासून साधारण दोन फूट आत. कमी मजबुतीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी आयएस १३८२८ आणि दुरुस्तीसाठी आयएस १३९३५ आहे. कच्छमधले भुंगे, म्हणजे गोल पारंपरिक घरं, २००१ मध्ये अनेक ठिकाणी चांगले टिकले. कुणाला भुंगाच हवा असेल तर चौकोनी काँक्रीटचं घर त्याच्या गळ्यात मारू नका.

दुरुस्तीतली नेहमीची चूक म्हणजे तडा बुजवून वर गिलावा. किल्लारीला दुहेरी दगडी भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि वर माळवदाच्या मातीचं ओझं होतं. अशा भिंतीला आरपार जाणारे बांध, दोन्ही अंगांनी जाळीचा पट्टा आणि छताचं ओझं कमी करणं, या तिन्ही गोष्टी लागतात. नुसता सिमेंटचा लेप कामाचा नाही.

टप्पा ६ : हप्ते कधी सोडायचे

वरच्या उदाहरणातले मंडळाचे १,५०,००० रुपये असे विभागता येतात : आखणी आणि पायाखोदाई झाल्यावर ४५,०००, लिंटेल पट्ट्याच्या सळ्या बांधून झाल्यावर ६०,०००, स्लॅबचं सेंटरिंग आणि सळ्या पाहिल्यावर ३०,०००, संडास, दारं-खिडक्या आणि लाइट झाल्यावर १५,०००.

पहिला हप्ता फार मोठा ठेवला तर तो जुन्या कर्जात किंवा लग्नात जातो, फार छोटा ठेवला तर कुटुंब उधारीवर माल उचलतं आणि दुकानदार भाव वाढवून लावतो. नेपाळने २०१५ नंतर घरटी ३ लाख नेपाळी रुपये ५०,०००, १,५०,००० आणि १,००,००० अशा तीन हप्त्यांत दिले, म्हणजे मोठा हप्ता मधे ठेवला. पैसा सगळ्यात जास्त लागतो तो मधेच.

लक्षात घ्या, दुसरा आणि तिसरा हप्ता काँक्रीट ओतण्याच्या आधीच्या पाहणीवर आहे. ओतल्यावर आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. त्यामुळे पाहणीला उशीर करण्याचा अधिकार मंडळाला नाही. निरोप आल्यावर तीन दिवसांत माणूस पोहोचला नाही तर कुटुंब थांबणार नाही, आणि त्यांनी थांबावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. तालुक्यातला एखादा अभियंता किंवा प्रशिक्षित मिस्त्री मानधनावर नेमा. त्याचं मानधन अंदाजपत्रकात उघड दाखवा.

टप्पा ७ : जागेवर काय बघायचं

सोबत टेप, वजनकाटा, पाटी आणि खडू. पाटीवर घर क्रमांक, तारीख, टप्पा लिहून ती फोटोत दिसली पाहिजे. मंडळाचा बॅनर फोटोत नको.

लिंटेल पट्ट्याचा कोपरा पाहा. पट्ट्यात साधारणपणे दोन आडव्या सळ्या आणि दर १५ सेंटिमीटरवर ६ मिलिमीटरची कडी असते. कोपऱ्यात सळी भिंतीच्या टोकाशी तोडलेली दिसली तर काम थांबवा. ती वळून दुसऱ्या भिंतीत गेली पाहिजे आणि तिथल्या सळीवर चढली पाहिजे. १० मिलिमीटरच्या सळीला हा चढ दोन फुटांच्या आसपास लागतो. चार भिंती एकमेकींना धरून ठेवण्याचं काम तो कोपराच करतो. दाराच्या जागी पट्टा मधेच तोडलेला असतो, तेही बघा.

सळीचं वजन करा. १० मिलिमीटरची सळी मीटरला ०.६१७ किलो भरते, म्हणजे १२ मीटरची एक सळी साधारण ७.४ किलो. ८ मिलिमीटरची ४.७ आणि १२ मिलिमीटरची १०.७ किलोच्या जवळ. पाच सळ्या मोजून वजन बरंच कमी आलं तर बिलातला आकडा आणि घरातली सळी वेगळी आहे.

रेतीची ट्रॉली उतरवण्याआधी आतून मोजा. लांबी १० फूट, रुंदी ६ फूट, भराव दीड फूट असेल तर ९० घनफूट झाले. ब्रास १०० घनफुटांचा. बिल एका ब्रासचं असेल तर दर खेपेला दहा घनफूट रेती कागदावरच राहते. शिवाय दमट रेती फुगते, त्यामुळे माप भरलेलं दिसूनही माल कमी असतो.

सिमेंटच्या पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका. आपत्तीनंतर दान म्हणून आलेली पोती बहुधा पावसात भिजलेली असतात. आत खडे झालेले असतील तर ती घरासाठी वापरायची नाहीत, फुकट मिळाली तरी नाही.

पाण्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. कच्छच्या अनेक भागांत भूजल खारट आहे आणि खारट पाण्याने सळी आतून गंजते. मिश्रणासाठी गोडं पाणी टँकरने आणावं लागलं तर तो खर्च सुरुवातीलाच धरा. भिंतीला किमान ७ दिवस आणि स्लॅबला किमान १० दिवस पाणी मारलं पाहिजे. टँकरचे पैसे अंदाजपत्रकात नसतील तर तिसऱ्या दिवशी पाणी बंद होतं.

थांबा : काम निकृष्ट दिसलं तर शिक्षा म्हणून कुटुंबाचा हप्ता अडवू नका. दोष कडियाचा आहे, मालाचा आहे की पैशाच्या टंचाईचा, ते आधी ठरवा, दुरुस्तीचा खर्च लिहा, आणि दुरुस्ती करून घेऊन हप्ता सोडा.

टप्पा ८ : सरकारी पैसा अडला तर

मंडळाचा हप्ता वेळेवर आणि सरकारी हप्ता अडकलेला, असं झालं की घर लिंटेलपर्यंत येऊन थांबतं. तेव्हा मंडळाने तो फरक भरून काढण्याची घाई करू नये. आधी माहिती काढावी.

माहिती अधिकाराचा अर्ज घरमालकाच्या नावाने करा. स्वतःच्या प्रकरणाची माहिती नाकारणं अवघड असतं. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून तुमचा अर्ज सहज परत येऊ शकतो. गुजरातमध्ये अर्जाचं शुल्क २० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना ते नाही. 'पैसे का दिले नाहीत' असं विचारू नका. कागद मागा :

'माझ्या घराच्या पंचनाम्याची आणि नुकसान वर्गाच्या नोंदीची प्रत. माझ्या नावे मंजूर रक्कम, प्रत्येक हप्त्याची तारीख आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. अभियंत्याच्या पाहणी अहवालाची प्रत. या गावातील वर्गनिहाय मंजूर घरांची संख्या आणि आजपर्यंत वितरित एकूण रक्कम.'

उत्तराला ३० दिवस. आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत गुजरात माहिती आयोगाकडे दुसरं. अनेकदा खाते क्रमांकातला एक आकडा चुकलेला निघतो. तसं असेल तर भांडणाची गरज नाही, बँकेचा दाखला पुरतो.

पैसे भलत्याच्या खात्यात गेलेले दिसले तर गोष्ट गंभीर आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५३ प्रमाणे मदतीचा पैसा किंवा माल हडप करणं, आणि कलम ५२ प्रमाणे खोटा दावा करून मदत घेणं, दोन्हींना दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात; कागदांसह लेखी तक्रार त्यांच्याकडे करा. कागद हाती येण्याआधी गावात कुणाचं नाव घेऊ नका. तुम्ही संध्याकाळच्या गाडीने परत येता, त्या कुटुंबाला तिथेच राहायचं असतं.

ही कलमं मंडळांनाही लागू आहेत, हे कार्यकारिणीच्या बैठकीत एकदा वाचून दाखवा.

टप्पा ९ : जाहीर वाचन

हिशेब दोनदा वाचायचा. आधी गावात, मग वडोदऱ्यात. क्रम उलटा करू नका.

गावातल्या वाचनात प्रत्येक घर क्रमांक घेऊन मंडळाच्या वहीतली रक्कम वाचा आणि घरातल्या वहीतली रक्कम घरच्यांना वाचू द्या. फरक निघेल तिथे लगेच थांबा, दोन्ही वह्या शेजारी ठेवा आणि बिल काढा. ठेकेदार, दुकानदार, मिस्त्री हजर असावेत. सरपंचांनी समारंभ करायचा म्हटलं तर तो दुसऱ्या दिवशी ठेवायला सांगा, कारण हारतुऱ्यांच्या कार्यक्रमात कुणी फरक दाखवत नाही.

वडोदऱ्यातल्या वर्गणीदारांना द्यायच्या अहवालात जमा, खर्च, शिल्लक, घरांची संख्या टप्प्यांप्रमाणे, आणि अर्धवट राहिलेली घरं कारणांसह द्या. कुटुंबांची नावं, चेहरे, खाते क्रमांक छापू नका. एखाद्या मोठ्या दात्याला भिंतीवर आपल्या नावाची पाटी हवी असेल तर नम्रपणे नकार द्या. घर त्या कुटुंबाचं आहे आणि त्यांच्या मुलांनी जन्मभर दुसऱ्याच्या नावाखालून आत-बाहेर करू नये.

टप्पा १० : पहिला पावसाळा आणि खातं बंद करणं

शेवटच्या पाहणीची तारीख पहिल्या पावसाळ्यानंतरची ठेवा. स्लॅब गळतो का, जोत्याशी पाणी साचतं का, संडास वापरात आहे की त्यात चारा भरलाय, हे तेव्हाच कळतं. ठेकेदाराने बांधलेल्या घरांच्या बिलातले ५ ते १० टक्के या पाहणीपर्यंत राखून ठेवा आणि ही अट करारातच घाला.

मग उरलेली रक्कम. टप्पा १ मधल्या ठरावात जे लिहिलं तेच करायचं. त्याच गावातल्या, यादीत राहून गेलेल्या दुरुस्तीच्या घरांना ती द्यावी, अशी तरतूद मला सगळ्यात योग्य वाटते. ती गणेशोत्सवाच्या किंवा मंडळाच्या इमारतीच्या खात्यात वळवू नका, तात्पुरतीसुद्धा नाही. एका कारणासाठी मागितलेला पैसा दुसरीकडे लावणं हा विश्वस्तांवर येणारा दोष आहे.

लेखापरीक्षण झालं, आयकर विवरण भरलं, दात्यांची प्रमाणपत्रं गेली, की खातं बंद करण्याचा ठराव करा. बँकेचं बंद खात्याचं पत्र, सगळी पावतीपुस्तकं, बिलं, घरखात्यांच्या प्रती आणि फोटो एका पेटीत, यादीसह. पेटीची किल्ली अध्यक्षांकडे, यादीची एक प्रत सीएंकडे आणि एक गावच्या पंचायतीत. घरातली वही मात्र परत मागू नका. पुढे कर्ज, वारसनोंद किंवा विम्याच्या वेळी घर कधी आणि कसं बांधलं याचा तेवढाच पुरावा त्या कुटुंबाजवळ असतो.